एकसष्ट वाकड्या टाइल्स

इदालिनाने वाकून भट्टीच्या झडपेवरची खडूची रेघ पाहिली. सकाळी तिने ती भिंतीवरच्या रेघेला जुळवून ओढली होती. आता दोन्हींत बोटभर अंतर होते.

"मेस्त्री, झडप कोणी हलवली?"

बेल्मीरु मेस्त्री बाकावर बसून मक्याची भाकरी सार्डिन माशांच्या तेलात बुडवत होते.

"मी. हवा कोंडली होती. माल वाकला असता."

"वाकू द्यायचा होता."

"डोकं फिरलंय का, पोरी? चाळीस वर्षं या भट्टीवर आहे. डोळ्यांदेखत माल वाकू देईन?"

नव्या खाणीची माती आल्यापासून शंभरातल्या तीस टाइल्स वाकड्या निघत होत्या. कारण शोधायला मालकाने इदालिनाला आठ वेळा भट्टी लावू दिली होती. तेवढ्यात ते सापडले नाही तर भट्टी पाडायची आणि मेस्त्रींनी घरी बसायचे. माती जाड की बारीक, वाळवण दोन दिवस की चार, आच हळू की जलद, अशा आठ तऱ्हा. क्रम चिठ्ठ्या काढून ठरलेला. ही चौथी तऱ्हा होती आणि आधीच्या तिन्ही वेळा आकडा तिशीच्या आसपासच. तो कोणी धरून ठेवला होता, हे तिला आत्ता कळले.

ती मेस्त्रींशेजारी बसली.

"सात वर्षांची होते तेव्हा तुम्ही मला चाकावर बसवलंत. माझं पहिलं मडकं कलंडलं. तुम्ही हात का नाही लावलात?"

"लावला असता तर ते माझं झालं असतं. कुठं चुकतंय ते तुला कसं कळलं असतं?"

मेस्त्रींच्या हातातला भाकरीचा तुकडा तेलात तसाच राहिला.

"चार उरल्यात," इदालिना म्हणाली. "तऱ्हा नीट निवडल्या तर चारांतही भागेल."

पुढच्या प्रत्येक भट्टीला मेस्त्री दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बाकावर बसले. रंगकाम करणाऱ्या बायका जाता-येता हसत.

"काय मेस्त्री, अंडी उबवताय?"

"गप्प बसा. काम करतोय."

चार दिवस वाळवलेल्या मालाच्या दोन भट्ट्यांत, माती आणि आच बदलूनही, शंभरात वाकड्या निघाल्या नऊ आणि बारा. दोनच दिवस वाळवलेल्या पहिल्या भट्टीत अठ्ठावन्न. शेवटची भट्टीही दोन दिवसांचीच. ती उघडली तेव्हा मेस्त्रींनी स्वतः मोजले आणि इदालिनाच्या हातातला खडू घेऊन फळ्यावर भलामोठा आकडा लिहिला: एकसष्ट.

बायका जमल्या. मालकही आला. आकड्यांकडे पाहून त्याने टोपी काढली.

"म्हणजे नुसतं वाळवण?"

"नुसतं वाळवण," मेस्त्री म्हणाले. "आमच्या पोरीनं शोधलं."

मग त्यांनी ढिगातून सगळ्यांत वाकडी टाइल निवडली, रुमालात गुंडाळली आणि डब्याच्या पिशवीत ठेवली.

"ही कशाला?" इदालिनाने विचारले.

"बायकोला दाखवतो. सांगतो, एकीलाही हात लावला नाही."