ऑइल खाणारी जीप

चंदरने डिपस्टिक बाहेर ओढली, फडक्याने पुसली, परत आत घातली, परत ओढली आणि विनोदच्या नाकासमोर धरली.

"बघ. कुठं आहे ऑइल?"

"खाली हाय," विनोद म्हणाला.

"नुसतं खाली नाही. खालच्या खुणेच्याही खाली. मागच्या आठवड्यात मीच भरलं होतं ना? मग गेलं कुठं? सायवनच्या माकडांनी प्यायलं?"

विनोद हसला. त्याला कुणी ओरडलं की तो हसायचा, आणि हे हसणं संकोचाचं आहे हे चंदरला इतक्या वर्षांत उमगलं नव्हतं. त्याला वाटायचं, हा आपल्याला हसतो. मग तो आणखी ओरडायचा.

चंदरच्या मते डहाणू तालुक्यात इंजिन कळणारी दोनच माणसं झाली. एक त्याचा उस्ताद, जो कधीच देवाघरी गेला, आणि दुसरा तो स्वतः. बाकी सगळे पाने फिरवणारे. गाड्या चालवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. क्लचवर पाय ठेवून झोपणारे, रेडिएटरमध्ये विहिरीचं गढूळ पाणी ओतणारे, गाडी बंद पडली की आधी नारळ फोडणारे. बापाची बोट होती, भाऊ अजून मासे धरायला जात, त्यांचीही त्याला कीव यायची. वाऱ्याच्या भरवशावर कसला धंदा करायचा? बोटीचं इंजिन दुरुस्त करता करता तो समुद्रावरून जमिनीवर आला, मसोलीच्या वळणावर त्याने शेड टाकली आणि मग जमिनीवरच्या माणसांनाही तुच्छ लेखायला त्याला फार दिवस लागले नाहीत.

"बस आत. स्टार्ट कर. दे रेस."

विनोदने अॅक्सिलरेटर दाबला. जीपच्या मागून निळसर धुराचा लोट निघाला आणि रस्त्यावरून चाललेल्या एका बाईने पदर नाकाला लावला. चंदरने मान हलवली. वाईट बातमी सांगताना त्याच्या तोंडावर जे समाधान यायचं ते आलं.

"झालं. पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन उतरवायला लागेल. बोअर करायला वापीला पाठवणार, मग बाकीचं सामान. महिना धर."

विनोदच्या तोंडावरचं हसू गेलं. सायवन ते डहाणू रोड एवढीच त्याची दुनिया. सकाळी पाड्यावरून मजूर आणि भाजीवाल्या बायका भरायच्या, स्टेशनाबाहेर उतरवायच्या, दुपारी लाइनीत उभं राहायचं आणि परत न्यायच्या. लाइनीत नंबर असतो. महिनाभर गाडी लागली नाही तर तो नंबर दुसऱ्याचा होतो आणि मग देव आला तरी परत मिळत नाही. जीपच्या पुढच्या काचेवर 'संगीता' असं लिहिलं होतं. संगीता त्याची बायको. ते नाव रंगवून घेतलं त्या दिवशी ती पुढच्या सीटवर बसून उगीचच स्टेशनपर्यंत जाऊन आली होती.

"चंदरभाई, मशीन लावून बघायचं काय? कम्प्रेशनचं?"

"मशीन?" चंदरने पाना खाली ठेवला. "धूर दिसतोय, ऑइल गायब आहे, आता मशीन काय सांगणार? तुझा वाढदिवस?"

"तसं नाय. पन घरी बघतो तवा ऑइल वर असतं. वरच्या खुणेच्या पन वर. इथं आलं का कमी दिसतं."

"घरी? तुझ्या पाड्यात माणसाला सरळ उभं राहायला जागा नाही, तिथं गाडी काय सपाट उभी राहणार? ऑइल सपाट जागेवर बघायचं असतं, हे शंभर वेळा सांगितलं तुम्हा लोकांना. गाडी सांभाळता येत नाही आणि म्हणे घरी बरोबर दिसतं, इथं कमी दिसतं. नाचता येईना, अंगण वाकडं."

ही त्याची आवडती म्हण. दिवसातून एकदा तरी कुणाच्या तरी तोंडावर मारल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे.

विनोदने खालमानेने विचारलं, "तलासरीला धर्मेशभाईला एकदा दाखवू?"

हायवेवरचा धर्मेश. काचेच्या केबिनमध्ये बसणारा, गाडीला दाब मोजायची घड्याळं लावून बघणारा. कधीकाळी तो चंदरकडेच नट घासत होता, म्हणून चंदरला त्याचं नावही सहन होत नसे.

"दाखव ना. खुशाल दाखव. पण मग या शेडमध्ये परत पाय ठेवू नको."

विनोद गेला नाही. त्याच्या गावाकडे माणसं अशीच वागत. पाड्यातला भगत बदलायचा नसतो, तसा मिस्त्रीही बदलायचा नसतो. बदलला की आधीच्याचा अपमान होतो, आणि अपमान करून जगायची विनोदला सवय नव्हती. तो घरी गेला, बायकोशी बोलला आणि इंजिन उतरवण्याऐवजी त्याने जीपच विकली. रिंगा गेलेली जीप कोण घेणार? डहाणू रोडच्या मनिषशेठने घेतली, आणि भंगाराच्या भावाला चार वाटाणे वर टाकावेत तशा भावात घेतली. लाइनीतला नंबरही गाडीबरोबर गेला.

"शहाणपण केलंस," चंदर विनोदला म्हणाला. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

काही दिवसांनी मनिषशेठ पंक्चर काढायला म्हणून शेडसमोर थांबला. पंक्चर निमित्त होतं. तोंडातला मावा गालात सरकवून तो म्हणाला, "काय चंदरभाई, तुमी तर जीपला जिवंतपणीच जाळलेली. धर्मेशने मशीन लावलं. कम्प्रेशन एकदम टकाटक. रिंगाबिंगा काय नाय. ऑइल जास्त भरलेलं, खूप जास्त. तेच उसळून ब्रीदरच्या नळीतून वर जाऊन जळत होतं. जास्तीचं काढलं, ब्रीदर साफ केला, बस. धूर गायब."

"धर्मेशला काय कळतं? घड्याळं लावून मेकॅनिक झालाय तो. बघ तू, पावसाळ्याच्या आत इंजिन बसेल."

"बसू दे," मनिषशेठ म्हणाला. "तोपर्यंत डबल कमवते ती."

त्या दिवसापासून चंदरला एक वाईट खोड लागली. जीपचा आवाज तो लांबून ओळखायचा. आवाज आला की हातातलं काम टाकून तो रस्त्यावर यायचा आणि तिच्या मागच्या नळीकडे टक लावून बघायचा. एवढासा जरी निळा धूर दिसला असता तरी त्याला रात्री शांत झोप लागली असती. पावसाळा आला, गेला. इंजिन बसलं नाही. मनिषशेठने काचेवरचं 'संगीता' खरवडून तिथे स्वतःच्या मुलाचं नाव लावलं. चंदर मनात म्हणे, थांबा, दिवाळीनंतर बघा.

दिवाळीनंतर भलतंच झालं. एका गाडीच्या चाकाचं जुनं बेअरिंग काढताना ते फुटलं आणि त्यातल्या गोळ्या शेडभर सांडल्या. चंदरने शिवी हासडली आणि गोळ्या उचलायला सवयीने मागच्या भिंतीशी गेला. सगळ्या तिथेच जमल्या होत्या. नेहमी तिथेच जमत. नट, वॉशर, सांडलेलं डिझेल, गाडी धुतल्याचं पाणी, सगळं मागच्या भिंतीशी जायचं आणि तो रोज संध्याकाळी झाडूने ते पाणी पुढच्या गटारीकडे ढकलत असे. गटार पुढे होतं. लादी घालताना उतार पुढे काढला होता, त्याने स्वतः गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून काढून घेतला होता, अगदी नावापुरता.

तो गोळी हातात घेऊन उभा राहिला. मग खाली वाकून त्याने ती शेडच्या तोंडाशी ठेवली. गोळी क्षणभर थांबली, मग हळूहळू आत निघाली आणि भिंतीला जाऊन टेकली.

भूकंपाचे धक्के सुरू झाले तो हिवाळा त्याला आठवला. तलासरीकडची, डहाणूकडची माणसं घराबाहेर प्लॅस्टिक बांधून झोपत होती. त्याची बायको भाविनीही अंथरूण घेऊन अंगणात जायची. चंदर एकटा आत घोरत पडायचा आणि सकाळी सगळ्यांची टर उडवायचा. शेडच्या मागच्या भिंतीला भेग पडली, लादी एका बाजूने खचली. खाली पूर्वीचा मातीने बुजवलेला खड्डा होता. त्याने भेगेत सिमेंट भरलं, वरून रंग मारला आणि म्हणाला, एवढ्याशा धक्क्याला माझी शेड भीक घालत नाही. भाविनी तेव्हाच म्हणाली होती, "भेग बुजवून जमीन वर नाय येत." बाईमाणसाचं बोलणं म्हणून त्याने ते ऐकलंही नव्हतं.

गवंडी वापरतात तसला पारदर्शक पाइप त्याने आणला, त्यात पाणी भरलं आणि भरदुपारी शटर अर्धं ओढून एकट्यानेच लेव्हल बघितली. मागची भिंत चांगली वीतभर खाली होती. तो वर्षानुवर्षं प्रत्येक गाडी नाक आत करून लावत होता. नाक खाली, ऑइल पुढे. विनोदच्या जीपची ऑइल बघायची पट्टी इंजिनाच्या मागच्या अंगाला. तिला ऑइल लागणारच कसं? कमी दिसलं की तो वरून ओतायचा. ओतलेलं जास्तीचं जळून जायचं, निळा धूर निघायचा, आणि आठवड्याने परत नाक आत, परत कमी. जीप ऑइल खात नव्हती. चंदरच तिला कोंबून भरवत होता आणि वर तिला खादाड म्हणत होता.

अलीकडे डहाणूतल्या निम्म्या गाड्या ऑइल खायला लागल्या आहेत असं तो सगळ्यांना सांगत असे. भेसळ, बेपर्वाई, ड्रायव्हरांची लायकी, सगळी कारणं काढून झाली होती. अंगण खरंच वाकडं होतं, आणि नाचताही त्यालाच येत नव्हतं. त्याला स्वतःची मनापासून शिसारी आली. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी जपून ठेवलेली सगळी तुच्छता एकदम घरी परत आली आणि तिला ठेवायला जागा पुरेना.

त्याने कुणाला काही सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून तो ऑइल बघायला प्रत्येक गाडी रस्त्यावर काढायला लावू लागला. गिऱ्हाइकं कुरकुरत. तो पहिल्यासारखा ओरडत नसे, त्यामुळे गिऱ्हाइकांना वाटलं, म्हातारा आजारी आहे.

मग एका सकाळी जीपचा आवाज आला आणि शेडसमोर थांबला. फॅनचा पट्टा किंचाळत होता. स्टिअरिंगवर विनोद होता.

"मनिषशेठने ठेवला मला," तो उतरत म्हणाला. "ड्रायव्हर म्हणून. रूट तोच हाय ना, माणसं ओळखीची. शेठ म्हणतो, तलासरीला जा. पन पट्टा इथंच तुटायला आला. आत घेऊ?"

"आत नको," चंदर म्हणाला. "इथंच राहू दे. रस्त्यावर."

त्याने पट्टा बदलला. हात नेहमीसारखे चालले, पण तोंडातून एकही शिवी निघाली नाही. विनोद बाजूला उभा होता, जुन्या सवयीने हातात फडकं घेऊन. काम झालं तसा तो म्हणाला, "आलोय तर ऑइल पन बघा."

चंदरने पट्टी ओढली, पुसली, आत घातली, ओढली. ऑइल दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये होतं, स्वच्छ, मधासारखं. तो बराच वेळ ते बघत राहिला. 'ठीक आहे' एवढंच म्हणता आलं असतं. विनोदने मान डोलावली असती आणि गाडी गेली असती. पण पट्टी हातात होती आणि खोटं बोलायची त्याची हिंमत झाली नाही.

"विनोद, तुझ्या गाडीला काही झालं नव्हतं," तो म्हणाला. "रिंगा चांगल्या होत्या. माझी शेड मागनं खचलीय. तू घरी बघायचास तेच बरोबर होतं. मी तुझी गाडी घालवली."

विनोद हसला. यावेळी चंदरला ते हसणं कसलं आहे ते कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

"शेड खचलेली तर मला दिसायची," विनोद म्हणाला. "नट पडला का मागं जायचा. मला वाटलं, तुमाला ठाव आसल. तुमी मिस्त्री."

विनोदने चंदरच्या हातातून पट्टी घेतली, फडक्याने नीट पुसली, जागेवर घातली आणि बॉनेट दोन्ही हातांनी दाबून हळूच लावलं. स्वतःच्या गाडीचं लावायचा तसंच. मग तो आत बसला. पुढच्या काचेवर मनिषशेठच्या मुलाच्या नावाखाली खरवडलेल्या जुन्या रंगाची एक रेघ अजून राहिली होती.

"पैसे शेठकडनं घ्या," तो म्हणाला, आणि गिअर टाकला.

जीप वळणावरून सायवनच्या रस्त्याला लागली. चंदर सवयीने रस्त्याच्या मध्यापर्यंत गेला आणि तिच्या मागच्या नळीकडे बघत उभा राहिला. धूर नव्हता.