शोकेसमधली प्रोसेको

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे, आणि जुनी झाले तिथेच माझं सगळं बिनसलं. माझं गाव इटलीच्या उत्तरेला, द्राक्षमळ्यांच्या डोंगरउतारावर. तिथल्या द्राक्षांची वाइन बंद टाकीत फेसाळवतात आणि बुडबुड्यांसकट आमच्या पोटात भरतात. तिला प्रोसेको म्हणतात. ती मोठ्यांसाठी असते, तुमच्यासाठी नाही. गोष्ट मात्र तुम्हीही ऐका.

मी दुबईत करामा भागातल्या शोभनाताईंकडे आले. त्या पुण्यात लॅबमध्ये काम करायच्या, पण इथल्या लायसन्सची परीक्षा काही निघत नव्हती. घरचं आवरून नेटाने अभ्यास केला, अखेर पास झाल्या आणि दवाखान्यात नोकरी लागली. तिथल्या इटालियन डॉक्टर चियारा यांनी खूश होऊन मला त्यांना भेट म्हणून दिलं. त्यांनी बजावलं होतं की लवकर प्या, थंडगार प्या, सोबत काहीतरी खारट, तळलेलं घ्या. गोडाबरोबर मी आंबट लागते.

शोभनाताईंनी त्याच संध्याकाळी कोथिंबीरवडी तळली. त्यांचे यजमान दत्तप्रसाद यांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, इटलीची बाटली अशी कशी फोडायची, आधी प्रोबेशन संपू दे. मग मी शोकेसमध्ये गेले आणि वडी सॉसबरोबर संपली.

प्रोबेशन संपलं, तर म्हणे प्रमोशन होऊ दे. प्रमोशन झालं, तर पुण्याच्या फ्लॅटचा ताबा मिळू दे. दर वेळी शोभनाताई कोथिंबीर निवडायच्या आणि दर वेळी मी तिथेच. वाइन म्हणजे जुनं ते सोनं, असं दत्तप्रसाद येईल त्याला सांगायचे. अहो, ते माझ्या काही श्रीमंत भावंडांचं! मी ताजीच प्यायची असते. पण सांगणार कशी? तोंड होतं, त्यावर बूच. दत्तप्रसाद दर रविवारी मला पुसायचे, पाहुण्यांना दाखवायचे, आणि मीही फुगून जायचे. तोवर त्या उबेत माझे बुडबुडे निघून चालले होते.

यंदा भाडं वाढलं म्हणून त्यांनी शेजारच्या शारजात भाड्याने घर घेतलं. तिथे कायद्यानेच दारू चालत नाही, त्यामुळे मला नेता येईना. "खलास, आजच उघडू," दत्तप्रसाद म्हणाले. वडी तळली गेली. त्यांनी मला टॉवेलमध्ये गुंडाळलं, सगळ्यांना मागे सरकवलं आणि बूच ओढलं. आवाजच नाही. ग्लासात फेसही नाही.

"बाबा, इट्स फ्लॅट, बुडबुडेच नाहीत," त्यांची मुलगी वैभवी म्हणाली.

दत्तप्रसादांचा चेहरा पडला. दुसरी आणू, असं काहीतरी ते पुटपुटले. शोभनाताईंनी शांतपणे वडी वाढली.

"मला बाटली नकोच होती हो. मी पास झाले त्या दिवशी तुम्ही नुसतं शाब्बास म्हणायला हवं होतं."

"मला वाटलं, सगळं नीट होऊ दे, मग थाटात म्हणू."

मला फार वाईट वाटलं. त्यांचं शाब्बास माझ्यासोबतच शोकेसमध्ये राहिलं होतं.

सकाळी मी बिल्डिंगखालच्या कचरापेटीशेजारी होते. टेम्पोत सामान चढत होतं. तेवढ्यात वैभवीचा फोन वाजला. शाळेच्या फुटबॉल टीममध्ये तिची निवड झाली होती.

"अरे वा. आधी शारजाला पोचू, मग..." म्हणता म्हणता दत्तप्रसादांची नजर माझ्यावर पडली आणि ते थांबले. हातातला मिक्सरचा खोका खाली ठेवून ते समोरच्या कॅफेटेरियात गेले आणि तीन कडक चहा घेऊन आले.

"शाब्बास, वैभू." मग ते शोभनाताईंकडे वळले. "आणि तू परीक्षा पास झालीस, त्याचंही शाब्बास. फार उशीर केला मी."

शोभनाताईंनी डोळे पुसले आणि उरलेल्या वडीचा डबा उघडला. टेम्पोवाला यल्ला यल्ला म्हणत घाई करत होता, पण तिघांनी फूटपाथवर उभं राहून चहा संपवला.

मित्रांनो, आता माझी काच वितळेल आणि मी पुन्हा नवी होईन. त्याआधी एकच सांगते. कुणाचं कौतुक वाटलं, तर ते त्याच दिवशी सांगा. नुसत्या चहावर सांगितलं तरी चालतं.