गुंड्याचं पोट

आई स्टुलावर चढून पडदे काढत होती आणि नवरा खाली स्टूल धरून उभा होता. हे पडदे गेल्याच आठवड्यात धुतलेत, असं त्याने एकदा हळूच सुचवून पाहिलं. तिने वरून नुसतं बघितलं. लिफ्ट दुरुस्त करणारा, दिवसभर बंद पडलेल्या लिफ्टांशी हुज्जत घालणारा माणूस, पण तो गुमान पडदे कवेत घेऊन न्हाणीघराकडे गेला.

पलंगावर त्यांची आठ वर्षांची लेक उशीला टेकून बसली होती. सकाळीच तिला पुन्हा धाप लागली होती. पंप दिला, वाफ दिली, तरी छातीतली शिट्टी थांबत नव्हती. म्हातार्‍या माणसासारखे खांदे उचलून ती एकेक श्वास ओढायची.

कुत्र्याला घराबाहेर काढून दोन महिने होत आले होते. त्याचे डोळे शर्टाच्या गुंड्यांसारखे, म्हणून तो गुंड्या. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, पोरीला त्याच्याच केसांचा आणि कोंड्याचा त्रास आहे. त्याला शहराच्या दुसर्‍या टोकाला काकांकडे पोचवलं. घर नीट धुवा, हळूहळू फरक पडेल, असं बाई म्हणाल्या होत्या. फरक काही पडला नव्हता. आता त्या इस्पितळात दाखल करायची भाषा बोलू लागल्या होत्या.

गालिचा गेला, सोफा गेला, गाद्यांना प्लास्टिकच्या खोळी चढल्या. शेवटी आईला स्वतःच्या पोटापाण्याचाच संशय येऊ लागला. ती घरी शिवणकाम करायची. कापडाची कुसं उडतात म्हणून तिने मशीन बाल्कनीत ढकललं आणि लोकरीचे कोट घेणं बंद केलं. कोणी भिंती खरवडायला सांगितल्या असत्या तर तिने उलथनं हातात घेतलं असतं.

"आई," लेक दम खात म्हणाली, "गुंड्या इथे नाहीये. तरी मला होतंय."

"बोलू नकोस जास्त."

"म्हणजे त्याच्यामुळे नव्हतं ना? तू म्हणाली होतीस, त्याच्यामुळे नसेल तर परत आणू."

तसं ती म्हणाली होती खरी. गुंड्या गेला त्या दिवशी पोरीचा ओठ थरथरायला लागला होता. रडू नकोस, रडलीस की धाप लागते, असं दटावून वर हे वचन देऊन आईने वेळ मारून नेली होती. पोरीने रडू गिळलं आणि वचन तेवढं पक्कं लक्षात ठेवलं.

पोरीच्या मांडीवर कापडी कुत्रा होता. खरा गेल्यावर आईने तो गिर्‍हाइकाच्या कोटातून उरलेल्या तपकिरी कापडाचा शिवला होता. डोळ्यांना कोटाच्याच गुंड्या, पोटात पाकीट फोडून भरलेला कोरा कापूस. पोर त्याला क्षणभर सोडत नसे. घरात न धुतलेली अशी ती एकच वस्तू होती. आपल्याच हातची, नवी कोरी. ती कशाला धुवायची?

दोन दिवसांनी पोर शाळेत गेली. कापडी कुत्र्याचा एक डोळा लोंबत होता, म्हणून आईने सुईदोरा घेतला आणि त्याला उलटा केला.

पोटावर लाल धावदोरा होता. तिने स्वतः घातलेली शिवण बाहेरून दिसायची नाही. इथे एक टाका लांब, एक आखूड, आणि शेवटी गाठीवर गाठ. आजारपणात पोर घरात कंटाळते, म्हणून तिनेच तिला धावदोरा शिकवला होता. पोरगी किती पटकन शिकली, म्हणून शेजारीपाजारी सांगत सुटली होती.

तिने टाके उसवले. कापसाच्या मधोमध तपकिरी केसांचा गच्च गोळा होता.

शेवटच्या दिवशी पोर जिन्यात बसून गुंड्याला कितीतरी वेळ विंचरत होती. निरोप घेऊ दे बिचारीला, असं मनाशी म्हणून आई आत निघून गेली होती.

तिला आधी पोरीचा राग आला, मग त्याहून जास्त स्वतःचा. हे सगळं गुंड्याला परत आणण्यासाठी मुद्दाम तर नसेल? छे, एवढ्याशा जिवाला इतकं कुठून सुचायचं. पण सुचलं नसेलच, अशी खात्री तिला देता येईना. जाब विचारावा तर कोणत्या तोंडाने, तेही कळेना.

तिने केस पिशवीत घालून पिशवीचं तोंड आवळलं आणि ती रस्त्याच्या कोपर्‍यावरच्या कचराकुंडीत टाकून आली. कुत्र्याचं कापड कढत पाण्यात धुतलं, उन्हात खडखडीत वाळवलं, नवा कापूस भरला. मग लाल दोरा ओवला.

वाकडं शिवायला तिला फार जड गेलं. हात आपोआप सरळ चालायचा. दोन टाके नीट आले, ते तिने उसवले आणि पुन्हा घातले, एक लांब, एक आखूड. शेवटी गाठीवर गाठ मारली.

संध्याकाळी पोरीने त्याच्या पोटात नाक खुपसलं. बराच वेळ तशीच राहिली.

त्यानंतर दिवसागणिक शिट्टी बारीक होत गेली. एका सकाळी आई दूध घेऊन आली तेव्हा पोर पलंगावर ताठ बसून मोठाले श्वास घेत होती. एक, मग आणखी एक. कुठेच आवाज नव्हता.

"ऐकलंस?"

"ऐकलं गं," आई म्हणाली.

पोरीने कापडी कुत्रा उलटा केला आणि लाल टाक्यांवरून बोट फिरवत गाठीपाशी आणलं.

"मी दोरा दाताने तोडते. तू कात्रीने कापतेस."

आईने पेला खाली ठेवला.

"म्हणजे त्याच्यामुळेच होतं," पोर म्हणाली.

आईने होकारार्थी मान हलवली. पोरीचा ओठ थरथरला. तिने आईकडे पाहिलं, दटावण्याची वाट बघत. आई तिच्या शेजारी येऊन बसली आणि काहीच म्हणाली नाही. तेव्हा पोरीने छाती भरून श्वास घेतला आणि ती मोठ्याने रडायला लागली.