पाच आगाऊ लेख

माझा लेख छापलेला अंक लोकांच्या हातात पडला की आमचं कऱ्हाड सात वर्षं मागं जातं. मी दिगंबर गिजरे. सव्वीस वर्षं दर रविवारी 'स्पष्टच सांगतो' हे सदर लिहितोय, आणि माझ्या लिहिण्याचा परिणाम होतो हे मी पहिल्यापासून सांगत आलोय. कुणी ऐकेल तर शपथ! माझा पुतळा दोनदा जाळला, एका महिला मंडळानं टपालानं बांगड्या पाठवल्या, वाचकांच्या पत्रांत तर मला काय काय म्हटलं ते विचारूच नका. जळू देत मेले. पूर्वीचं चांगलं होतं, एवढंच मी म्हणत होतो, आणि घ्या, पूर्वीचं आलं की नाही दारात?

त्याचं झालं असं की माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. सदर चुकवायचं नाही हा आमच्या धंद्याचा नेम, म्हणून मी पाच लेख एकदम लिहून संपादकांकडे आगाऊ देऊन टाकले. पहिला लेख माझ्या मुलीवर होता. नाव घातलं नव्हतं, पण गावाला कळणार होतं. शाल्मली माझी एकुलती एक, एकोणतीस वर्षांची, कॉलेजात फिजिक्स शिकवायची. जातीबाहेरच्या एका मुलाशी रजिस्टर लग्न करते म्हणाली. ना मुहूर्त, ना अक्षता. छापून यायच्या आदल्या दिवशी मी तिला तो लेख वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकला तिनं, आवाजसुद्धा चढवला नाही.

"बाबा, मी तुम्हाला नेमकी कितवीपर्यंत आवडत होते?"

"तिसरीपर्यंत," मी म्हणालो. रागात होतो, पण खोटं नाही बोललो.

रविवारी उठलो तर नाक्यावरचा उड्डाणपूल नव्हता. खाली जुना चौक होता तसा, मधोमध हवालदार उभा. शाल्मली बावीस वर्षांची झाली होती आणि कोल्हापूरच्या एसटीसाठी बॅग भरत होती, परीक्षा होती तिची. त्या मुलाचं नाव घेऊन पाहिलं, तर म्हणाली, कोण हो? मी आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. अंगात काय उत्साह संचारला म्हणता! डोळेही स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, काका, मोतीबिंदू आहे कुठे?

बायकोला, कुंदाला, यातलं काही जाणवत नव्हतं. कुणालाच नव्हतं. गाव मागं जाताना आपली आठवणही घेऊन जात होतं, फक्त माझी तेवढी जागच्या जागी राहिली होती. आणि ते चार लेख, संपादकांच्या खणात.

दुसऱ्या रविवारी शाल्मली पंधरा वर्षांची झाली. कुंदाचे गुडघे बरे झाले, ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायला लागली. गावात माणसं पुन्हा एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलत होती. मी पेठेतून छाती काढून हिंडलो. माझा पुतळा जाळणारी पोरं शाळेच्या खाकी चड्डीत समोरून आली आणि नमस्कार सर म्हणाली. त्यांनी अजून मला वाचलंच नव्हतं ना!

तिसऱ्या रविवारी ती आठ वर्षांची झाली. तिसरीत. स्कूटरवर माझ्या पुढ्यात उभी राहायची तेवढी. मी तिला कृष्णा-कोयनेच्या संगमावर नेलं, भेळ घेऊन दिली, आणि काय आनंद झाला म्हणता मला! इथंच थांबावं, असं मनाशी ठरवलंसुद्धा. भेळ संपली. तिनं कागद उलगडला, तर त्यावर माझाच लेख. ती तो मोठ्यानं वाचायला लागली, बोट ठेवून, अडखळत.

"बाबा, हे खरं कशावरून?"

मी म्हणालो, मी लिहिलंय म्हणून. त्यावर ती म्हणाली, पण मला नाही तसं वाटत. आणि कागदाची घडी करून मला परत दिली. म्हणजे तिसरीतसुद्धा हेच होतं! मीच विसरलो होतो. एक फोन केला असता तर चौथा लेख थांबला असता. सदर माझं होतं, संपादक मला अहो-जाहो करत होते. नाही केला फोन. म्हटलं, अजून थोडं मागं.

चौथ्या रविवारी शाल्मली एक वर्षाची झाली. तिला बोलता येत नव्हतं. माझे केस काळेभोर, कंबर सरळ, कुंदा स्वयंपाकघरात गुणगुणतेय. घरात कुणी मला उलट विचारणारं नव्हतं. तीन दिवस मी नुसता नाचत होतो. दुपटी धुतली, लंगोट बदलले, मुलीला खांद्यावर घेऊन अख्खी गल्ली फिरलो. गुरुवारी तिला भरवता भरवता सहज हिशेब केला, एकातून सात वजा. वाटी खाली ठेवली. भीती वाटली, स्पष्टच सांगतो. पण पाचवा लेख मागं घेणं माझ्याच हातात होतं की!

शनिवारी दुपारी कचेरी उघडताच तिला कडेवर घेऊन गेलो. घरी ठेवून जायचा धीर झाला नाही. संपादकांच्या खुर्चीत नानासाहेब बसले होते, ज्यांच्या तेराव्याला मी जेवलो होतो. मी म्हणालो, उद्याचा तो लेख छापू नका. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. लेख फार उत्तम आहे म्हणाले, आणि हे लिहिणारे गिजरे कोण, तुमच्या नात्यातले का?

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाव अठ्ठावीस वर्षं मागं आलं होतं, आणि सदर सव्वीस वर्षांचं. मी अजून सदर लिहायलाच लागलो नव्हतो. मी प्रूफं तपासणारा होतो.

"मूल घेऊन आलात, हरकत नाही," नानासाहेब म्हणाले. "पण प्रूफ तुमच्या टेबलावर आहे. तुमची सही झाल्याशिवाय मुजावर छपाईला हात लावणार नाहीत."

आनंदानं उडालोच मी! प्रूफ माझ्याच टेबलावर. वर आडवी रेघ मारायची, 'थांबवावे' लिहायचं, झालं काम. शाल्मलीला डाव्या हातात धरून उजव्या हातात निळी पेन्सिल घेतली. लेखाचा विषय होता, लेक कशी वाढवावी. पहिल्या ओळीत एक वेलांटी चुकली होती. ती तेवढी दुरुस्त केली, चूक दिसल्यावर तशी ठेववत नाही. मग दुसरी ओळ वाचली. काय लिहिलं होतं हो! एकेक वाक्य ठणठणीत. मधल्या परिच्छेदात एक शब्द ढिला वाटला, तो बदलला. शेवटाशी दोन वाक्यांची अदलाबदल केली आणि सगळा लेख असा काही उभा राहिला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असं आजकाल कोण लिहितं? खाली 'छापावे' लिहून झोकात सही ठोकली.

मुजावर केव्हा प्रूफ घेऊन गेले, केव्हा दुरुस्त्या होऊन पान मशीनवर चढलं, मला कळलं नाही. मी तो शेवट मनात पुन्हा पुन्हा म्हणत होतो. मशीनचा आवाज सुरू झाला तेव्हा भानावर आलो. ओरडलो. त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? शाल्मलीनं दचकून माझ्या शर्टाची कॉलर मुठीत धरली.

मुजावर दारातून येताना दिसले. पहिला अंक मलाच दाखवायची त्यांची रीत. चेहरा फुललेला.

"लेख फर्स्टक्लास आहे," ते म्हणाले. "शाई ओली आहे, दोन्ही हातांनी धरा."

मी कॉलरवरची शाल्मलीची मूठ सोडवली, तिला टेबलावर बसवलं आणि दोन्ही हात पुढे केले.