आत्ता नको

"अजून फिकट कर," कप्तान म्हणाला.

तिनं 'आत्ता नको' ही अक्षरं आणखी करडी केली. मागचा रंग पांढरा. आता ती शोधणाऱ्यालाच दिसली असती. त्यांच्या वरचं 'हो, निश्चिंत करा' हे हिरवं बटण मात्र स्क्रीनच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलं होतं.

"वाचता येणार नाहीत लोकांना," ती म्हणाली.

"मला येतंय की." कप्तान हसला. त्याला ऑफिसात सगळेच कप्तान म्हणत. वयानं तिच्यापेक्षा बराच लहान, स्वभावानं गोड, कुणाला कधी टाकून बोलत नसे. म्हणूनच त्याला नाही म्हणणं तिला जड जायचं.

अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की ज्या तीन-चार स्क्रीन एकामागून एक सरकत येतात, एक चित्र, खाली दोन गोड ओळी आणि एक बटण, त्या बनवणं हे तिचं काम. ऑफिसात तिचं नावच स्वागतबाई पडलं होतं. भाजी घरी पोचवणारं, झोप मोजणारं, व्यायामाला उठवणारं, कितीतरी अ‍ॅपांच्या दारात ती हसतमुखानं उभी राहिली होती. लोक तिच्या स्क्रीन न वाचताच बोटानं भराभर ढकलत आणि आत शिरत. त्याचं वाईट वाटणं केव्हाच बंद झालं होतं. एके काळी ती पुस्तकांसाठी चित्रं काढायची. ही नोकरी तात्पुरती म्हणून धरलेली. केस पिकायला लागले तरी ती सुटली नव्हती. सोडायचा विषय निघाला की घरात कुणाचं तरी आजारपण निघे.

या वेळचं अ‍ॅप घरच्या माणसांना एकमेकांचा ठावठिकाणा दाखवणारं होतं. कोण कुठे आहे ते नकाशावर ठिपक्यानं दिसायचं. त्यासाठी लोकेशनची परवानगी हवी. ती कुणी नाकारली तर सगळंच मुसळ केरात. म्हणून तिसऱ्या स्क्रीनवर सगळ्यांचा जीव अडकला होता. तिथे तिनं बाकावर बसलेली एक म्हातारी काढली होती आणि खाली लिहिलं होतं: 'घरच्यांना तुमची काळजी वाटते. त्यांना निश्चिंत करा.' काढताना लक्षात आलं नाही. अंबाडा, चष्मा, मांडीवरची पर्स, सगळं आईचंच उतरलं होतं.

बाजारात आणण्याआधी प्रत्येकानं आपापल्या घरी लावून बघा, असं फर्मान निघालं. तिच्या घरी आई होतीच. वडील गेल्यापासून आई तिच्याकडेच राहायची. दुपारचं जेवण उरकलं की पर्स घेऊन बाहेर पडायची आणि दिवेलागणीच्या आत परत यायची. कुठे गेली होतीस विचारलं तर "इथेच, जरा पाय मोकळे करायला" म्हणायची. फोन पर्समध्ये वाजत राहायचा. दुसऱ्या शहरात राहणारा दादा त्यावरून वैतागायचा, तिला फोन करून विचारायचा. अ‍ॅपचं ऐकून तो इतका खूश झाला, की त्यानं त्याच दिवशी स्वतःच्या फोनवर घेतलं.

आईनं चष्मा लावला आणि फोन लांब धरून पहिल्या स्क्रीनपासून वाचायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत तिच्या स्क्रीन शेवटपर्यंत वाचणारं तिनं पाहिलेलं हे पहिलं माणूस.

"ही बाई हसतेय कशाला?" आईनं विचारलं.

"हसरी हवी म्हणाले."

आईनं पुढची ओळ वाचली. "आणि नको म्हणायचं असेल तर?"

तिनं बोटानं खालची अक्षरं दाखवली. आईनं फोन जवळ आणला, लांब नेला. "हो का. मला वाटलं काचेवर बोट उमटलंय कुणाचं." मग तिच्याकडे बघितलं. "तू केलंयस ना हे?"

"हो."

आईनं हिरवं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नकाशावर आईचा निळा ठिपका चालायला लागला. बसथांब्यापर्यंत गेला आणि मग एकदम वेगानं पळायला लागला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, शेवटच्या थांब्यावर तो उतरला, तिथे बराच वेळ बसून राहिला आणि संध्याकाळच्या आत घरी आला. त्यानंतरच्या दिवशी वेगळी बस, वेगळं टोक. एकदा नदीवरच्या जुन्या पुलापाशी. एकदा लाकडाच्या वखारी आहेत तिथे, जिकडे ओळखीचं चिटपाखरू नाही.

हे दादालाही दिसत होतं. त्यानं आईला फोन केला, तिकडे काय करत होतीस म्हणून खोदखोदून विचारलं. आई गडबडली आणि म्हणाली, चुकून दुसऱ्या बसमध्ये बसले असेन. झालं. दादानं ते शब्द धरून ठेवले. आईला रस्ते आठवेनासे झालेत, याची सुरुवात अशीच होते, डॉक्टरला दाखव, आणि मुख्य म्हणजे आता एकटीला बाहेर सोडू नकोस. तो वाईट नव्हता. त्या रात्री त्याला झोप लागली नव्हती, हे त्याच्या आवाजातच कळत होतं.

डॉक्टरनं आईला तारीख विचारली, आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. आईनं सगळं बरोबर केलं. दुपारी वाट चुकता का, या प्रश्नावर मात्र ती खाली बघून म्हणाली, "होतं कधी कधी." डॉक्टरनं सोबत ठेवा म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर ती आईसमोर बसली. "आई, तू चुकत नाहीस. तुला अख्ख्या शहराच्या बसचे नंबर पाठ आहेत. खरं सांग."

आई टेबलावरची चादर सारखी करत राहिली. मग हळूहळू बोलायला लागली. खास असं काही नाही. येईल ती बस धरायची, शेवटपर्यंत जायचं. वखारीकडे कापलेल्या लाकडाचा ओला वास येतो, तो आवडतो. तिथे नाल्यावर रस्त्याची एक मोरी आहे, तिच्या कठड्यावर बसायचं. कुणी ओळखीचं भेटत नाही, कुणी काही विचारत नाही.

"तुझे वडील अंथरुणाला खिळले, तेव्हापासून मी कुठे आहे ते सगळ्यांना माहीत असायचं. त्या खोलीत. कुणीही, केव्हाही हाक मारावी आणि मी ओ द्यावी. आता दुपारी मी कुठे आहे ते कुणालाच माहीत नसतं ना, तेवढा वेळ बरं वाटतं."

"मग दादाला हे का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुम्ही कुणी नसता तिथे मला बरं वाटतं, असं? पोटच्या मुलाला असं सांगतात का? त्यापेक्षा चुकले म्हटलेलं बरं."

तिच्या स्वतःच्या फोनवरही ते अ‍ॅप होतं. परवाच नवऱ्यानं सहज, अगदी सहज विचारलं होतं, की येताना त्या चौकात इतका वेळ का थांबली होतीस. ती कशालाच थांबली नव्हती. नुसती उभी होती. त्याला तिनं दुकानात गर्दी होती म्हणून सांगितलं होतं.

तिनं आईचा फोन घेतला आणि परवानगी काढून टाकली. त्याच क्षणी दादाच्या, नवऱ्याच्या आणि तिच्या स्वतःच्या फोनवर सूचना गेली: 'आईचं लोकेशन दिसत नाही. त्या ठीक आहेत ना?' हे वाक्यही तिचंच. लिहिलं तेव्हा कप्ताननं पाठ थोपटली होती. लगेच दादाचा फोन. त्याला धाप लागली होती, मीटिंग सोडून तो जिन्यात आला होता. आईनं फोन तिच्या हातातून घेतला, त्याला म्हणाली, अरे, माझंच बोट लागलं, आणि फोन ठेवल्यावर तिला म्हणाली, "लाव परत. उगीच त्याच्या जिवाला घोर."

ऑफिसात त्याच आठवड्यात आकडे आले. तिसऱ्या स्क्रीनवर जवळजवळ कुणीच नाही म्हणत नव्हतं. कप्ताननं सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, टाळ्या झाल्या. नंतर ती त्याच्या टेबलापाशी गेली. 'आत्ता नको' नीट दिसेल असं करू या, म्हणाली. आणि कुणी बंद केलं तर घरभर बोभाटा होऊ नये. त्यानं मन लावून ऐकून घेतलं. तुझं म्हणणं पटतंय, म्हणाला, पुढच्या खेपेला नक्की बघू. तोवर हीच स्क्रीन आणखी दोन अ‍ॅपांसाठी करून दे, लहान मुलांचं एक आणि घरकामाला येणाऱ्या बायांचं एक. ती जागेवर आली. मग जुनी फाइल उघडली आणि अंबाड्याच्या जागी दोन वेण्या काढायला लागली.

आई दुपारी बाहेर जायची बंद झाली. कुरकुर केली नाही. कपाटं आवरली, उशांना नवे अभ्रे शिवले. ठिपका घरावर बसून राहिला आणि दादाचे फोन कमी झाले.

तिनं एक दिवस अर्धी रजा टाकली आणि घरी येऊन म्हणाली, "आई, चल. मी आहे सोबत." आई लगेच तयार झाली. बसमध्ये आईनं तिला खिडकीची जागा दिली. वाटेत हे दाखव, ते दाखव, इथे पूर्वी काय होतं ते सांग. शेजारी बसलेल्या पाहुण्याला कंटाळा येऊ नये म्हणून माणूस बोलतं, तशी आई बोलत होती. तुला ऊन लागतंय का, असंही दोनदा विचारलं.

वखारीपाशी दोघी उतरल्या. करवत चालू होती. मोरीचा कठडा रिकामाच होता. "तू बस," ती आईला म्हणाली, "मला एक फोन करायचाय, पलीकडे जाऊन करते." ती फळ्यांच्या थप्पीमागे गेली आणि कठड्याकडे पाठ करून उभी राहिली. फोन कुणालाच करायचा नव्हता. तिनं मुद्दाम वळून बघितलं नाही. एक ट्रक भरून गेला, दुसरा आला, माणसं ओरडली, फळ्या उतरल्या. आईला पुरेल असं वाटलं तेवढा वेळ ती तिथेच थांबली.

परत आली तेव्हा आई कठड्याच्या अगदी कडेला बसली होती. पाय जोडलेले, नजर फळ्यांच्या थप्पीकडे. ती दिसताच आई उठली, मागचा भुसा झटकला.

"झालं तुझं?" आई म्हणाली. "चल मग, निघू या."