नाशपातीची मागची बाजू

अकराव्या फ्रेमचा शेवटचा खिळा पकडीने उपसून नवऱ्याने चित्र अलगद पालथं केलं. पुढच्या हिरव्या पानांच्या जागी कागद मागून तपकिरी पडला होता.

"अस्सल," तो म्हणाला. "जुना हिरवा रंग तांब्याचा. कागदात मुरतोच, लपून राहत नाही."

दारातून ती तिसऱ्यांदा डोकावत होती. चार वाजता संग्रहालयाच्या बाई येणार होत्या. दोनशे वर्षांपूर्वीची, हाताने रंगवलेली फळाफुलांची बारा छापील चित्रं त्यांना द्यायची, तीही पाठी तपासून. अकरा त्याने दुकानं पालथी घालून जमवलेली. बारावं, नाशपातीचं, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला तिने दिलेलं. आल्यागेल्याला तो आधी तेच दाखवायचा. "असा रंग कुणाला साधला नाही," म्हणायचा, आणि ती चहाच्या निमित्ताने आत जायची.

रंग तिचाच होता. रंगवलेलं चित्र परवडेना, म्हणून तिने त्याच संचातला बिनरंगाचा छाप आणला आणि आठ दिवस शाळेतल्या साध्या जलरंगांनी चोरून रंगवला. शाळेत चित्रकला शिकवायची, हात बसलेला. दुसऱ्या दिवशी गंमत सांगून टाकायची होती. पण त्याचा चेहरा बघून तिची जीभ रेटली नाही, आणि पुढे तर सांगायची सोयच उरली नाही.

"ते एक राहू द्या ना. भिंत भुंडी दिसेल."

"बघू."

ती स्वयंपाकघरात गेली, धुतलेला कप पुन्हा धुतला आणि परत आली. नाशपातीची फ्रेम टेबलावर पालथी होती आणि तो खणात काहीतरी शोधत होता. पकडच असणार. आता त्याला कळण्याआधी आपण सांगितलेलं बरं.

"अहो, ऐका. ते चित्र..."

ती थांबली. फ्रेमच्या पाठीला तिने तेव्हा घाईघाईत वर्तमानपत्र चिकटवलं होतं. तिथे आता जाड खाकी कागद होता, कडा पट्टी लावून कापलेल्या. कोपऱ्यात, त्याच्या नेहमीच्या सवयीने, फ्रेम उघडल्याची तारीख पेन्सिलीने लिहिलेली. एकवीस वर्षांपूर्वीची.

"दोरी कुजली होती," खणातून नवी दोरी काढत तो म्हणाला. ती बांधून त्याने फ्रेम पुन्हा भिंतीवर टांगली आणि बाहीने काच पुसली.

चार वाजता बाईंनी चित्रं मोजली.

"बारा म्हणाला होतात."

"अकराच. ते घरचं आहे." त्याने भिंतीकडे बोट केलं. "बघा तरी, असा रंग कुणाला साधला नाही."