स्वच्छ हात

कप्तानांची दाढ सुजली आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

त्यांचं खरं नाव एप्पो वीर्सुम. उभं आयुष्य त्यांनी परदेशी जहाजांना वाट दाखवत आमच्या बंदरात आणलं, म्हणून वृद्धाश्रमात सगळे त्यांना कप्तानच म्हणत. वय एक्क्याऐंशी, आवाज मात्र अजून धक्क्यावरचा. मी जेवणाचं ताट घेऊन गेले की म्हणत, "रेन्स्के, पोरी, हे सूप आहे की भांडी धुतलेलं पाणी?" आणि शेवटच्या थेंबापर्यंत पीत.

दंतवैद्याने सात दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. सूज उतरली. पण आठवड्याभरात त्यांना खोकला झाला आणि थोडा ताप आला. डॉक्टर फोनवर म्हणाले, "दोन दिवस थांबून बघू." मीच हट्ट धरला. ख्रिसमसच्या सुट्ट्या तोंडावर होत्या, निम्मा कर्मचारीवर्ग रजेवर जाणार होता. "त्यांचं वय बघा ना डॉक्टर," मी म्हणाले. डॉक्टरांनी सुस्कारा टाकला आणि दुसरं, जास्त जोरकस औषध लिहून दिलं.

पाचव्या दिवशी कप्तानांचं पोट बिघडलं. हिवाळ्यात आमच्याकडे पोटाची साथ येतेच, त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही. दिवसातून आठ-दहा वेळा चादरी बदलायच्या, त्यांना पुसून कोरडं करायचं. ते शरमेने भिंतीकडे तोंड करून पडत. त्यांना बरं वाटावं म्हणून मी कपाटातली जुलाब थांबवायची गोळी दिली. संध्याकाळपर्यंत जुलाब थांबले. मला वाटलं, जिंकलो आपण.

प्रत्येक दाराशी भिंतीवर हात चोळायच्या जेलची बाटली होती. ते जेल लावल्याशिवाय मी एकाही खोलीत पाऊल टाकत नसे. बाकीच्या मला हसत, "रेन्स्केच्या हातांचं कातडं एक दिवस गळून पडणार!" कप्तानांकडून निघाले की जेल चोळून मी शेजारच्या त्रैन बोल्हाउस बाईंकडे जायचे. नव्वदीच्या त्रैनबाई एके काळी शाळेत शिकवत. त्यांचे हात थरथरत, म्हणून ओटची लापशी मीच भरवायचे. लघवीच्या त्रासासाठी त्यांनाही तेव्हा अँटिबायोटिक गोळ्या चालू होत्या.

खेझिना रजेवरून परतली ती सोमवारी. तीस वर्षं हेच काम केलेली बाई. कोट उतरवता उतरवता ती थांबली.

"हा वास कुठून येतोय?"

"कप्तानांच्या खोलीतून. पोट बिघडलंय त्यांचं."

"किती दिवस?"

"आज चौथा."

"त्याआधी अँटिबायोटिक?"

"दोन. एकापाठोपाठ एक."

"आणि जुलाब थांबवायला काही दिलंस?"

मी होकाराने मान हलवली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती तशीच कप्तानांच्या खोलीत गेली. कप्तानांचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. तिने नुसता हात ठेवला तर ते कळवळले.

रुग्णवाहिका येईपर्यंत तिने मला नळाशी नेलं. "आपल्या आतड्यात चांगल्या जिवाणूंची दाटी असते," ती माझ्या हातांवर साबण ओतत म्हणाली. "तिथे वाईटाला पाय ठेवायला जागा मिळत नाही. गोळ्यांनी ते चांगलेही मेले की हा वास ज्याचा आहे, त्या वाईट जिवाणूला रान मोकळं. मग हा विष सोडतो आणि आतडं आतून सोलून काढतो. तू जुलाब कोंडलेस म्हणजे विष आतच कोंडलंस."

"पण मी प्रत्येक वेळी जेल लावलं गं!"

"या जिवाणूचं बी असतं, रेन्स्के. कडक कवचाचं. जेलने त्याला काही होत नाही. ते साबणाने चोळून, वाहत्या पाण्याखाली धुऊनच काढायचं असतं."

मला शेजारची खोली आठवली. लापशी. चमचा. माझे हात.

त्याच दुपारी त्रैनबाईंनी घंटा वाजवली. "बाळ, माझ्या हातून जरा घाण झाली गं," त्या म्हणाल्या. माफी मागत होत्या, माझी.

मजला बंद झाला. पिवळे झगे, हातमोजे, क्लोरीनचा डोळे चुरचुरवणारा वास. नातेवाईक बाहेर लॉनवर उभे राहून काचेतून हात हलवत. त्रैनबाईंच्या विष्ठेच्या तपासणीचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला, कप्तानांचाच जिवाणू. त्यांनी दवाखान्यात जायला नकार दिला. सहाव्या दिवशी त्या गेल्या. शेवटी इतक्या सुकल्या होत्या की कूस बदलताना वजन लागलं नाही.

त्यांची भाची आल्का सामान न्यायला आली. तिने माझे दोन्ही हात धरले. "तू तिला हाताने भरवायचीस, मावशी नेहमी सांगायची. तुझे फार उपकार आहेत."

मी हात सोडवून घेतले आणि तिला सगळं सांगितलं. फोनवरचा हट्ट, गोळी, जेल, चमचा. तिने मावशीच्या चष्म्याची डबी उचलून खोक्यात ठेवली.

"हे मला का सांगितलंस?" ती म्हणाली. "मला हे नको होतं." आणि खोके उचलून निघून गेली.

कप्तान दवाखान्यात वाचले. पंधरवड्यात दुखणं उलटलं, पुन्हा उतरलं, पुन्हा उलटलं. शेवटी डॉक्टरांनी एका निरोगी माणसाची विष्ठा गाळून, पातळ करून नाकातल्या नळीवाटे त्यांच्या आतड्यात सोडली. मेलेल्या शेतात नवी पेरणी. तीन दिवसांत त्यांचं पोट शांत झालं. परत आले ते निम्मे होऊन. "अनोळखी माणसाची घाण पोटात घालून जगतोय मी," ते म्हणाले. "तुमच्या सूपापेक्षा बरी होती." मी हसले. शेजारच्या खोलीत आता कोण आहे, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

ते बी पलंगाच्या कठड्यावर, दाराच्या मुठीवर महिनोन्‌महिने जिवंत राहतं. आम्ही तीनदा सगळं क्लोरीनने पुसलं. मार्चच्या सुरुवातीला पलीकडच्या टोकाला राहणारे लाउत्ये आजोबा न्याहारीला आले नाहीत. महिन्यापूर्वी छातीच्या दुखण्यासाठी त्यांना दहा दिवस अँटिबायोटिक दिलं होतं.

खेझिना आणि मी एकदमच त्यांच्या दाराशी पोहोचलो. दार किंचित उघडं होतं. आत जाण्याआधीच त्या वासावरून आम्हा दोघींना कळलं.